हाडांची भूक

घनसावंगी
१९ ऑगस्ट २००३, मंगळवार

आज शर्टाच्या बाहीत हात घालताना माझी बरगडी मोडली. पडलो नाही, कशाला धडकलो नाही. डावा हात बाहीत गेला, अंग जरासं पिळलं आणि आत कट्‌ असा आवाज झाला. आधी वाटलं, बटण तुटलं. खाली वाकून बटण शोधायला गेलो तेव्हा कळलं की श्वास घेता येत नाही.

माझी बायको नंदा म्हणाली, "आज नगा जाऊ." पण मंगळवार चुकवून चालत नाही. सहा वर्षं झाली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी औरंगाबादला मशीनवर चार तास रक्त धुऊन घ्यावं लागतं. जीपवाल्या मुनीरने पुढची सीट दिली आणि खड्डा आला की स्वतःच "या अल्ला" म्हणत होता. जालन्यापासून पुढे एसटी.

डायलिसिस झाल्यावर किडनीच्या मॅडमनी छातीचा आणि दोन्ही हातांचा फोटो काढायला लावला. मी म्हणालो, मोडली बरगडी, हातांचा फोटो कशाला? त्या म्हणाल्या, "काकासाहेब, मला कारण बघायचंय."

रोज लिहायचं असं आजपासून ठरवलं. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीला चोवीस वर्षं झाली. लोक डॉक्टर म्हणतात, मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. एवढ्या जनावरांच्या केसेस लिहिल्या, ही एक आपली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

फोटो बघितले. माझ्या बोटांच्या हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. मी भिंग लावून पाच मिनिटं बघत होतो. इतकं स्पष्ट!

रक्ताचा रिपोर्टही आला. पीटीएच नावाचा एक रस असतो, तो पासष्टच्या आत पाहिजे. माझा एकोणीसशे चाळीस.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. पॅराथायरॉइड. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्या हाडांना सांगतात, तुमच्यातलं थोडं सोडा. किडन्या गेल्या की रक्तात फॉस्फरस साठतो, व्हिटॅमिन डी तयार होत नाही, कॅल्शियम कमी पडत राहतं. मग या ग्रंथी सहा वर्षं रात्रंदिवस हाडांना तेच सांगत राहतात. सांगून सांगून मोठ्या होतात. आणि एकदा मोठ्या झाल्या की कुणाचं ऐकत नाहीत. औषधाचंही नाही.

"म्हणजे रक्तात कॅल्शियम भरपूर आणि हाडं रिकामी?" मी विचारलं.

"बरोब्बर," मॅडम म्हणाल्या. "आता त्या काढाव्या लागतील."

विम्यासाठी शंभरेक जनावरांची शवविच्छेदनं मी उभं राहून बघितली असतील. मान उघडलेली असायची. या ग्रंथींकडे एकदाही लक्ष गेलं नाही. याचं आज फार आश्चर्य वाटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

ऑपरेशन करणाऱ्या सरांना भेटलो. गळ्याला आडवा छेद. चारही ग्रंथी काढतात. मग त्यातल्या सगळ्यात चांगल्या ग्रंथीचे बारीक तुकडे करून हाताच्या स्नायूत पेरतात. पेरतात हा त्यांचाच शब्द. डाव्या हाताला डायलिसिसची शीर आहे म्हणून माझ्या उजव्या हातात पेरणार. ते तुकडे तिथे जगतात आणि थोडं थोडं काम करत राहतात. अगदीच काही नको असं करून चालत नाही, कारण रस पूर्ण थांबला तर हाडं झोपी जातात.

मी विचारलं, किती तुकडे? किती दिवसांत जगतात? हातच का, पाय का नाही? सर शेवटी हसले. म्हणाले, तुम्हीच करा की ऑपरेशन.

आवाजाची नस तिथूनच जाते. शंभरात एखाद्याचा आवाज बसतो. हे ऐकल्यापासून मात्र बरं वाटत नाही. माझं सगळं काम बोलण्याचं. शेतकऱ्याला दटावायचं, जनावराला चुचकारायचं.

नंदाला सांगितलं. ती अंगणवाडीचं रजिस्टर भरत होती. म्हणाली, "आवाज गेला तं गेला. पायावर उभे तं राहताल."

तिला कशाचीच भीती वाटत नाही.

१६ सप्टेंबर

खाज. पाठीला, पोटऱ्यांना. खरवडून रक्त येतं. नंदाने भांडी घासायची काथ्याची नवी घासणी आणली, फक्त माझ्या पाठीसाठी. आज बाकी काही नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार, औरंगाबाद

भरती झालो. उद्या सकाळी ऑपरेशन. सरांना म्हणालो, काढलेल्या ग्रंथी मला दाखवायच्या. त्यांनी कबूल केलं. मला भीती वाटते, असं इथे लिहायला हरकत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आवाज आहे! घोगरा आहे, पण माझा आहे.

क्रमाने लिहितो. गुरुवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी सिस्टरने बाटली आणून दाखवली. मसुरीचे दाणे कुठले, एक तर बोराएवढी होती. पिवळट तपकिरी. एवढ्याशा चार गोष्टींनी पाच फूट सात इंचाचा माणूस पोखरला.

शुक्रवारी सकाळी डोळे उघडले आणि काहीतरी कमी आहे असं वाटलं. बराच वेळ कळेना काय. मग कळलं, खाज नाही. एका रात्रीत गेली. हाडांचं ठणकणंही निम्म्यावर. मी नंदाला म्हणालो, "नंदे, खाज गेली." ती "बरं" म्हणाली आणि तोंड धुवायला गेली, ती अर्धा तास आलीच नाही. नळाला गर्दी असेल.

शुक्रवारी दुपारपासून दुसरंच सुरू झालं. ओठांभोवती मुंग्या, मग बोटांच्या टोकांना. मॅडमनी माझ्या कानाच्या पुढे, गालावर बोटाने टिचकी मारली. ओठाचा कोपरा आपोआप उडाला! मी म्हणालो, परत मारा. परत उडाला. म्हणाल्या, रक्तातलं कॅल्शियम घसरलं की इथली नस अशी चाळवते. ऑपरेशनआधी दहा होतं, काल सात, आज सहा पॉइंट दोन.

"पण आता तर हाडांतून काढणारं कुणी उरलं नाही. मग कमी कसं झालं?"

"हाडं उपाशी आहेत ना," मॅडम म्हणाल्या. "सहा वर्षं त्यांच्यातलं नेलं. आता नेणारा गेला. म्हणून रक्तात दिसेल तेवढं कॅल्शियम ती ओढून घेताहेत. इंग्रजीतही याला भुकेल्या हाडांचाच आजार म्हणतात."

मी ताडकन उठून बसलो. नंदाने खांदा धरला. अहो, हे तर मला माहीत आहे! व्यालेली म्हैस! दूध उतरतं, रक्तातलं कॅल्शियम सगळं दुधात जातं, आणि तिसऱ्या दिवशी म्हैस बसते ती उठत नाही. दुग्धज्वर. मी शेकड्यांनी बाटल्या दिल्यात. मॅडमना सगळं सांगितलं: बाटली कोमट करायची, शिरेतून अगदी सावकाश सोडायची, कान हृदयावर ठेवायचा, घाई केली तर हृदय बंद पडतं. मॅडम ऐकून घेत होत्या. मला वाटतं त्यांना नवीन होतं.

आता माझ्याच शिरेत कॅल्शियम चालू आहे. सिस्टरला सांगितलं, सावकाश सोडा. ती म्हणाली, "काका, मिनिटाला किती थेंब ते मी मोजूनच लावलंय."

२० ऑक्टोबर, सोमवार

उद्याचं डायलिसिस झालं की घरी. मॅडमनी औषधं समजावली. दिवसाला कॅल्शियमच्या बारा गोळ्या आणि व्हिटॅमिन डीची कॅप्सूल. कॅल्शियमच्या गोळ्या मी आधीही घेत होतो, जेवणाच्या घासाबरोबर. तेव्हा त्यांचं काम वेगळं होतं, अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवायचा. आता कॅल्शियम रक्तात जायला पाहिजे, म्हणून दोन जेवणांच्या मधे घ्यायच्या. तीच गोळी, वेळ बदलली की काम बदलतं. फार सुंदर आहे हे.

मी सामान आवरत होतो तेव्हा नंदा दाराबाहेर मॅडमशी वीसेक मिनिटं बोलत होती. विचारलं तर म्हणाली, "पथ्याचं विचारलं." पथ्य तर मला पाठ आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार, पाडवा

घरी दिवाळी. काठीशिवाय वेशीपर्यंत गेलो. लोक गळ्यावरची खूण बघतात, मी प्रत्येकाला पूर्ण सांगतो. भिवा न्हाव्याने दाढी करताना दोनदा म्हटलं, "डॉक्टर, बोलू नका, वस्तरा लागंल."

मधल्या वेळच्या गोळ्या विसरायला होतात. दुपारी बाराला आठवण राहत नाही, चारला कुणीतरी बसलेलं असतं. मग जेवताना चार-चार घेऊन टाकतो. सहा वर्षांची सवय. बारा गेल्याशी मतलब.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

कॅल्शियम सात पॉइंट चार. मॅडमनी विचारलं, "गोळ्या बरोबर घेता ना?" मी म्हणालो, "बिलकुल. एकही चुकवत नाही." ते खरंच आहे. मशीनच्या पाण्यात त्यांनी कॅल्शियम वाढवून दिलं.

परतीला मुनीरचा रोजा सुटायची वेळ झाली. त्याने जीप बाजूला घेऊन खजूर काढले आणि मलाही देऊ केला. मी म्हणालो, डायलिसिसवाल्याला खजूर चालत नाही. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला चालतं काय ते एकदा लिहून द्या."

नंदा आजकाल उगाच माझ्या हातांकडे बघत बसते.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल नंदाने माझ्या गालावर डास मारला. आज सकाळी परत. दुपारी परत. दर वेळी त्याच जागी, कानाच्या पुढे. मी म्हणालो, "दिवसाढवळ्या एवढे डास कुठून आले?" म्हणाली, "गटार साचलंय." गटार बघून आलो, कोरडं आहे.

चिडचिड फार होते. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात शिपायावर ओरडलो, चूक त्याची नव्हती. सुट्टीवर असताना तिथे जायचं कारणही नव्हतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पेन नीट धरता येत नाही. अंगठा तळहातात शिरतो. पेन जाड आहे, बदलला पाहिजे. पायात पेटके, काल मशीनवरून येताना चाललो जास्त म्हणून. तोंडाभोवती थंडीने मुंग्या येतात. नंदा सकाळपासून म्हणते, उद्याच औरंगाबादला जाऊ. परवा शुक्रवार आहेच, उद्या कशाला?

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

पुंजाराम आलाय मळ्यातून. म्हैस परवा व्याली, आज उठेना. आमचे साहेब जालन्याला मीटिंगला. मी जातो म्हटलं. नंदा म्हणते, मग मीही येते. तिचं तिथे काय काम? मुनीरची जीप उभी आहे. येऊन लिहितो.

१० नोव्हेंबर, सोमवार, औरंगाबाद

चार दिवसांनी लिहितोय. काही मला आठवतं, काही नंदाने सांगितलं, काही मुनीरने.

पुंजारामची म्हैस गोठ्यापुढे बसलेली होती, मान पोटाकडे वळवून. कान गार. नाकपुडी कोरडी. बघताक्षणी निदान. पुंजारामची बायको सोनूबाई रडत होती, त्यांच्याकडे दुभतं तेवढं एकच. मी बाटली कोमट पाण्यात ठेवली, मानेची शीर दाबून फुगवली, सुई घातली. रक्त आलं, नळी जोडली. तोवर सगळं बराबर. पुंजारामला बाटली धरायला सांगितली.

मग नळीची चिमटी सैल करायला गेलो तर बोटं उघडेनात. पाचही बोटं एकत्र जुळून पुढे टोकदार झाली, कोंबडीच्या चोचीसारखी. मी दुसऱ्या हाताने ती उघडायला गेलो, तर तो हातही तसाच.

नंदा मागेच उभी होती. तिने पुढे होऊन माझ्या गालावर टिचकी मारली. डास नव्हता. ओठ, नाकपुडी, डोळ्याची कड, सगळं एकदम उडालं.

"मुनीरभाई, गाडी चालू करा," ती म्हणाली.

"थांब, अर्धी बाटली जाऊ दे," मी म्हणालो. म्हणायला गेलो. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज आला. श्वास आत ओढताना कुणीतरी गळा आवळत होतं.

"पुंजाराम, म्हशीचं कसं करायचं?" तिने विचारलं.

"वहिनी, मी बाटली धरतो. लई वेळा बघेल हाये. खाली धरून सावकाश सोडायची, डॉक्टरनीच शिकवलंय. तुम्ही त्येनला न्या."

"सुई सुटली तं?"

"सुटली तं सुटली. म्हशीपायी माणूस घालवता का?"

नंदा आणि मुनीरने मला उचललं. मला आठवतं ते एवढंच, की मी नंदाच्या हातावर मारत होतो, म्हशीच्या छातीला कान लावा, ठोके ऐका, हे सांगायला. शब्द फुटत नव्हता. जीपमध्ये मला फिट आली, असं मुनीर म्हणतो. त्याने हॉर्नवरचा हात घनसावंगीपर्यंत काढला नाही.

सरकारी दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. डायलिसिसचा पेशंट म्हटल्यावर तो बिचकला. म्हणाला, शिरेतून काही द्यायचं म्हणजे धोका, तुम्ही औरंगाबादला न्या. नंदाने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात कापसात गुंडाळलेल्या कॅल्शियमच्या तीन काचेच्या कुप्या आणि मॅडमच्या सहीची चिठ्ठी: या पेशंटला हातापायांत पेटके, श्वासाला अडथळा किंवा फिट आल्यास ताबडतोब काय द्यायचं, किती द्यायचं, किती मिनिटांत द्यायचं. खाली मॅडमचा फोन नंबर. डॉक्टरने वाचलं, फोन लावला, आणि मग घड्याळ लावून दहा मिनिटांत दिलं. तो पोरगा चांगला आहे. मला नंतर कळलं, त्याने ईसीजीची पट्टी लावूनच दिलं.

सातव्या मिनिटाला माझी बोटं उघडली.

औरंगाबादला आणल्यावर मॅडमनी तिथला कॅल्शियमचा रिपोर्ट दाखवला. पाच पॉइंट चार.

११ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं ते लिहितो. लाज वाटते म्हणून राहिलं.

मॅडमनी विचारलं, गोळ्या कधी घेत होता? मी सांगितलं, जेवताना. मी वही काढली, वीस ऑक्टोबरचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय: दोन जेवणांच्या मधे. वर "फार सुंदर आहे हे" असंही लिहिलंय. आणि सहा दिवसांनी मीच लिहिलंय, जेवताना घेऊन टाकतो. बारा गोळ्या पोटात जात होत्या आणि घासातला फॉस्फरस धरून तशाच बाहेर पडत होत्या. हाडं उपाशीची उपाशी. ती रक्तातलं ओढत राहिली.

अंगठा तळहातात शिरतो आणि मी पेन बदलायचं लिहितो! म्हशीचा कान दहा फुटांवरून बघून निदान करणारा माणूस.

नंदाला विचारलं, "टिचकीचं तुला मॅडमनी शिकवलं?"

"मंग कोण शिकवणार?"

"मला सांगायचं की."

"तीनदा सांगितलं, औरंगाबादला चला. तुम्ही म्हणता शुक्रवार हायेच."

"ओठ उडत होता का तेव्हा?"

"पयल्या दिवशी जरासा. बुधवारी लई." मग म्हणाली, "तुमी त्या म्हशीचं मॅडमला सांगू राह्यले होते ना, तवाच म्या ठरवलं. म्हटलं, ह्येनला म्हशीचं सगळं कळतं. ह्येंच्याकडं आपुन बघावं."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुंजाराम बघायला आला. एवढ्या लांब एसटीने, दुधाची बरणी घेऊन. म्हैस अर्ध्या तासात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी परत बसली, जालन्याहून आलेल्या साहेबांनी दुसरी बाटली दिली, आता ठीक आहे. "एकदा उभी राह्यली म्हंजे झालं असं न्हाई, दोन दिवस ध्यान ठेवा लागतं, तुमीच सांगेल हाये," असं तो मलाच सांगत होता. दूध मला चालत नाही. वॉर्डातल्या सिस्टरांनी चहा केला.

१३ डिसेंबर

गोळ्या बरोबर. सकाळी सात, अकरा, चार, रात्री नऊ. नंदाची अंगणवाडी अकराला खिचडीसाठी सुटते, तेव्हा ती रस्त्यावरूनच ओरडते, "अकरा!" पोरंही तिच्याबरोबर ओरडतात. सगळ्या आळीला माझ्या गोळ्यांची वेळ माहीत आहे.

कॅल्शियम आठ पॉइंट एक.

६ जानेवारी २००४, मंगळवार

आठ पॉइंट सात. हाडांच्या झिजेचा एक आकडा असतो, तो चौदाशे होता, तो आधी दोन हजारांवर गेला. मी घाबरलो. मॅडम म्हणाल्या, उलट बरं आहे, बांधकाम चालू आहे त्याचा तो राडारोडा. आता उतरेल. उतरला, सहाशे.

जुनी पँट घातली. पाठ सरळ झाली की काय, आखूड वाटते. नंदा म्हणते, धुऊन आटली. मोजमाप आधी घेतलं नाही याचा पश्चात्ताप होतो.

९ एप्रिल, शुक्रवार

आज फार मजा आली. पेरलेलं उगवलं का हे बघायचं होतं. मॅडमनी दोन्ही हातांतून एकाच वेळी रक्त घेतलं. डाव्या हाताच्या रक्तात पीटीएच बावन्न. उजव्या हाताच्या रक्तात, जिथे तुकडे पेरले, तीनशे दहा! म्हणजे रस तिथूनच निघतोय. माझ्या कोपराखाली, स्नायूत, एक ग्रंथी राहते आणि ती काम करते. मी बाही वर करून बराच वेळ बघितलं. वरून काही दिसत नाही. मुनीरलाही दाखवलं. त्याने हात लावून बघितलं आणि म्हणाला, "गरम लागतंय." ती जीपची गरमी होती.

मॅडमना विचारलं, ही परत माजली तर? म्हणाल्या, होऊ शकतं. मग हातातूनच काढायची, गळ्याला हात लावायची गरज नाही. आणि अगदीच थंड पडली तर? तर हाडं नवीन तयार होणं थांबतं. म्हणून दर तीन महिन्यांनी बघायचं. कायमचं बरं झालं असं यात काही नसतं. हे त्यांनी सरळ सांगितलं, मला आवडलं.

जूनपासून कामावर हजर व्हायचं. फिरती नाही, फक्त दवाखान्यात.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

ऑपरेशनला वर्ष झालं. हातांचे फोटो परत काढले. दोन्ही वर्षांचे शेजारी शेजारी लावले. कुरतडलेल्या कडा भरून आल्यात. मी मॅडमकडून दोन्ही फोटो मागून घेतले.

मॅडम म्हणाल्या, "काकासाहेब, एक काम करा. पलीकडच्या मशीनवर हसीना आहे, जालन्याची. तुमच्यासारखंच ऑपरेशन तिचं ठरलंय. ती नाही म्हणते. तिच्याशी बोला."

हसीना तिशीची असेल. नवऱ्याने तिला पाठीवर आणलं होतं, कमरेचं हाड दुखतं म्हणून चालता येत नाही. मी फोटो घेऊन गेलो. ग्रंथी कशा असतात ते सांगितलं, बोराएवढी होती ते सांगितलं, हातात कसं पेरतात, उजव्या हातात किती, डाव्यात किती. टिचकीचं सांगितलं. जेवताना गोळ्या घेतल्या आणि मरता मरता वाचलो, हेही सांगितलं, लपवलं नाही. ती छताकडे बघत होती.

मी थांबल्यावर तिने मान वळवली. अगदी हळू म्हणाली, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून असेल, "भाईजान, आपरेशन झाल्यावर माझी आंघोळ मी करीन का? कवापासून?"

मी म्हणालो, "कराल. कधीपासून ते वहीत बघून शुक्रवारी सांगतो."

घरी येऊन वही काढली. पहिल्यापासून सगळी वाचली. कॅल्शियमचे आकडे एकेचाळीस ठिकाणी आहेत. ग्रंथीचा रंग आहे. दोन वर्षं नंदाने मला आंघोळ घातली, पाटावर बसवून, पाठीपासून पायांपर्यंत, हे कुठेच नाही. ती थांबली कधी, तेही नाही.

नंदा मेथी निवडत होती. विचारलं, "नंदे, माझी मी आंघोळ कधी करायला लागलो? अंदाजे सांग."

तिने वर बघितलं नाही. "तेवीस जानेवारी."

"तारीख कशी लक्षात?"

"शुक्रवार होता. तुमाला मशीनला जायचं होतं. म्या पाणी काढून उभी होते. तुमी आत गेले आन्‌ दार लावून घेतलं."

"मग तू काय केलं?"

"काय करणार? बाहेर उभी राह्यले." तिने मेथीची काडी मोडली. "कवर तं पाण्याचा आवाज आईकत राह्यले. मंग तुमी काहीतरी गुणगुणायला लागले. तवा म्या भाकरी थापायला गेले."

ऑपरेशन नऊ ऑक्टोबर. आंघोळ तेवीस जानेवारी. शुक्रवारी हसीनाला सांगायचं: साडेतीन महिने.